कायद्याची शाळा आणि कायद्याची विद्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणणारा आपला समाज, आपल्या मुलाने मात्र वकिलीची पायरी चढावी अशी इच्छा पिढ्यान्‌पिढ्या बाळगीत आला आहे. ह्या दोन गोष्टींत वरवर विसंगती दिसली तरी तिच्या पोटी एक खरी भावना आहे. कायदा ही शक्ती आहे. ती दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे भय वाटते, आणि आपल्या घरात आली म्हणजे आधार वाटतो. म्हणूनच ज्या घरातील कोणाही आजोबांनी, काकांनी वा मामांनी एल्एल्. बी.ची परीक्षा दिली नाही असे सुशिक्षित मध्यमवर्गीय घर विरळाच. परंतु ही पदवी आपल्याकडे आली कशी, ती शिकविणारी शाळा कशासाठी निघाली, आणि तिच्याकडून जे अपेक्षिले होते ते तिने कितपत केले, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८५५ साली निघालेली ही संस्था मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षांनी वडील असून, आशिया खंडातील सर्वांत जुने कायदे महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते.

प्रथम पदवीच्या नावाकडेच पाहू. एल्एल्. बी. ह्या अक्षरांत ‘एल्’ दोनदा का येतो, असे विचारले तर अनेक वकीलही क्षणभर थांबतील. लॅटिन भाषेत शब्दाचे आद्याक्षर दोनदा लिहिले म्हणजे अनेकवचन समजावयाचे असा संकेत आहे. तेव्हा ही ‘कायद्याची’ नव्हे, ‘कायद्यांची’ पदवी होय. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत रोमन व्यवहारविधी आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेचा विधी अशा दोन कायद्यांचे अध्ययन होत असे. त्याची खूण ह्या दोन अक्षरांत राहिली आहे. हे नाव आपल्याकडे जसेच्या तसे आले, आणि योगायोग असा की येथेही ते अन्वर्थक ठरले. कारण आपल्या इलाख्यातही त्या काळी दोन कायदे शेजारी शेजारी नांदत होते: एक पोथीतला व रूढीतला, दुसरा गॅझेटात छापून येणारा.

एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जी कायदेसंहिता झाली, तिच्या चौथ्या रेग्युलेशनात न्यायाधीशाने निकाल कशाच्या आधारे द्यावा ह्याचा क्रम घालून दिला होता. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तेथे देशाची रूढी. तीही नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा. आणि ह्यांपैकी काहीच हाती लागत नसेल तर न्याय, समता आणि सद्विवेक. हा क्रम कागदावर सुटसुटीत दिसतो. परंतु सातारा किंवा धारवाड जिल्ह्यात बसलेल्या इंग्रज अंमलदारास प्रतिवादीचा कायदा सांगणार कोण? त्यासाठी अदालतीत शास्त्री व मौलवी नेमलेले असत. दत्तकाचा, वाटणीचा वा स्त्रीधनाचा प्रश्न निघाला की न्यायाधीश तो शास्त्र्याकडे लिहून पाठवी. शास्त्री मिताक्षरा, व्यवहारमयूख इत्यादि ग्रंथांतील वचने काढून उत्तर देई, आणि त्या उत्तरावर खटल्याचा निकाल लागे. शास्त्र्याची विद्या खोल होती ह्यात शंका नाही. एका वचनासाठी त्याने दहा ग्रंथ चाळलेले असत. परंतु ती विद्या जन्माच्या कुंपणात होती. ज्यांच्या घरादारावर, शेतीवाडीवर तिचा अंमल चाले त्यांतील बहुतेकांना, आणि सर्व स्त्रियांना, ती शिकण्याचा अधिकार नव्हता.

हे कुंपण मोडण्याच्या हेतूने लॉ कॉलेज निघाले असे मात्र कोणी समजू नये. त्याचा उगम एका न्यायाधीशाच्या निरोपसमारंभात आहे. सर अर्स्किन पेरी हे १८४१ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून आले आणि १८४७ साली सरन्यायाधीश झाले. त्याच साली त्यांच्यापुढे खोजा व मेमन ह्या समाजांच्या वारसाहक्काचे प्रसिद्ध खटले आले. हे दोन्ही समाज मुसलमान. तेव्हा मुलींना कुराणाप्रमाणे वाटा मिळावा अशी मागणी होती. उलट पक्षी, आमच्यात हिंदूंसारखी चाल असून मुलीस वाटा देत नाहीत, असे प्रतिपादन होते. पेरींनी रूढी मान्य केली. मुलींच्या दृष्टीने हा निकाल सुखाचा नव्हता; तथापि ह्या देशातला कायदा केवळ ग्रंथ उघडून सापडत नाही, तो लोकांच्या वागण्यात शोधावा लागतो, ही गोष्ट त्याने इंग्रजी न्यायासनावरून उघड मान्य केली. पुढे १८५३ साली पेरींनी आपल्या निवडक निकालांचा ग्रंथही प्रसिद्ध केला.

हेच पेरी शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते, आणि तेथे मात्र त्यांची दृष्टी वेगळी होती. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह. तर नाना शंकरशेट यांचे म्हणणे असे की, बहुजनांपर्यंत ज्ञान पोचवावयाचे तर ते देशभाषेतूनच पोचेल. हा वाद मोठ्या निकराने झाला आणि त्यात इंग्रजीचा पक्ष वरचढ ठरला. १८५२ साली पेरी स्वदेशी परतू लागले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या गौरवार्थ निधी जमविला, आणि त्यातून त्यांच्याच इच्छेप्रमाणे कायद्याचे अध्यासन निर्माण झाले. त्या अध्यासनाचे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते ‘वकिलीचे’ अध्यासन नव्हते. ते ‘ज्यूरिस्प्रूडन्स’चे, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाचे होते. १८५५ साली डॉ. रीड हे पहिले पेरी प्राध्यापक झाले व एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने हा वर्ग सुरू झाला. येणेप्रमाणे संस्थेच्या मुळाशी विद्या होती, धंदा नव्हता.

परंतु मूळ एक असले तरी झाड कोणत्या हवेत वाढते त्यावर त्याचे वळण ठरते. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ साली सुप्रीम कोर्ट व सदर अदालत ह्या दोहोंच्या जागी हायकोर्ट आले. हायकोर्टास वकील हवे होते, जिल्ह्यांस मुन्सफ हवे होते, आणि पदवीधर तरुणांस पोट होते. तेव्हा पदवी ही सनदेची किल्ली बनली. शिकविणारे बहुधा हायकोर्टात काम करणारे बॅरिस्टर वा वकील. त्यांचा दिवस कोर्टात जाई. शिकणारे पुष्कळसे कोठे शिक्षक तर कोठे कारकून. त्यांचाही दिवस कचेरीत जाई. म्हणून वर्ग भरत ते सकाळी किंवा सायंकाळी. दोन्ही पक्ष थकलेले, आणि दोघांचीही नजर घड्याळाकडे! ह्या व्यवस्थेचा एक मोठा गुण होता, तो नाकारू नये. घरची गरिबी असलेला मुलगा पोटापुरते मिळवून वकील होऊ शके. दिवसभराच्या शाळेने त्याला दारातच अडविले असते. पण तिचा दोषही तितकाच मोठा. परीक्षेपुरते कायदे पाठ करावे, टिपणे उतरावी, आणि ज्या अध्यासनावरून हे सारे सुरू झाले त्या तत्त्वविचाराला एक कठीण पेपर ह्यापलीकडे स्थान देऊ नये, अशी रीत पडली.

ह्याच सुमारास तीन घटना इतक्या जवळजवळ घडल्या की त्या एकत्र पाहिल्यावाचून त्यांचे महत्त्व कळत नाही. १८६४ च्या अकराव्या कायद्याने अदालतींतील शास्त्री व मौलवी यांच्या जागा रद्द झाल्या. १८६६ साली महादेव गोविंद रानडे एल्एल्. बी. झाले, विद्यापीठाच्या अगदी पहिल्या कायदेपदवीधरांपैकी ते एक होत. आणि १८६७ साली वेस्ट व ब्यूलर यांच्या हिंदु कायद्याच्या संग्रहाचा पहिला भाग बाहेर पडला. हा संग्रह कशाचा बनला होता? मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या अदालतींतील शास्त्र्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या उत्तरांचा! शास्त्री गेला, त्याची उत्तरे इंग्रजी ग्रंथात बांधली गेली, आणि तो ग्रंथ पदवीधराच्या हाती आला. अवघ्या तीन वर्षांत कायदा सांगण्याचा अधिकार एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेला. ह्या पालटात दार उघडले ही जमेची बाजू. दाराबाहेरून आलेल्या मनुष्याने आतील ठेवा सांभाळला की नाही, हा खरा प्रश्न.

पहिल्या पिढीने तो सांभाळला असे निःशंकपणे म्हणता येते. रानडे न्यायासनावर चढले ते केवळ कलमे जाणणारे म्हणून नव्हे. इतिहास, अर्थशास्त्र आणि धर्मविचार ह्यांच्या प्रकाशात ते कायदा वाचीत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी एकीकडे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, दुसरीकडे वकिलीत नाव मिळविले, १८८९ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. १८९३ साली ऐन त्रेचाळिशीत ते वारले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी रानडे आले. विश्वनाथ नारायण मंडलिक हे तर विद्यापीठापूर्वीच्या पिढीतले. तरीही हायकोर्टाच्या कामातून सवड काढून त्यांनी १८८० साली व्यवहारमयूखाची संहिता आणि याज्ञवल्क्यस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ह्या तिघांना शास्त्र्याची पोथीही वाचता येत होती आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकालही. परंतु हा गुण त्यांना कायद्याच्या वर्गाने दिला असे म्हणणे कठीण आहे. त्यांनी तो वर्गाबाहेर, स्वतःच्या व्यासंगाने कमावला होता.

तिकडे धंद्यातही एक नवीन वर्णव्यवस्था उभी राहिली होती. मुंबई हायकोर्टाच्या दोन बाजू: ओरिजिनल आणि अपेलेट. पहिलीवर विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे वर्चस्व. दुसरीवर येथले वकील. विलायतेतील ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये ठराविक संख्येची भोजने घेऊन सत्रे भरण्याची चाल प्रसिद्धच आहे. तेव्हा जेवून आलेल्यास जे दार सहज उघडे, ते येथे अभ्यास करून पदवी मिळविलेल्यास बंद, असा प्रकार झाला. ॲडव्होकेटची निराळी कठीण परीक्षा देऊन रानडे, तेलंग यांच्यासारखे थोडे लोक ते दार उघडीत. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने हा भेद सैल झाला, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाने साऱ्या देशात वकिलांचा एकच वर्ग केला, आणि मुंबईतील दुहेरी पद्धतीचा उरलेला अवशेष १९७७ च्या प्रारंभी नाहीसा झाला.

धंद्याच्या ह्या उतरंडीबाहेर राहूनही पदवी सार्थ करता येते, ह्याचे उत्तम उदाहरण लोकमान्य टिळकांचे. १८७९ साली ते एल्एल्. बी. झाले, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत सामील झाले. वकिली त्यांनी केली नाही. पण पुण्यात कायद्याचा वर्ग चालवून वकिलीच्या परीक्षांस बसणाऱ्या मुलांस शिकविले, आणि १९०८ च्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतःच केला. कायदा हा पोटाचा उद्योग नसून नागरिकाचे शस्त्र आहे, हे ह्याहून स्पष्टपणे कोणी दाखविले नसेल.

दार उघडले असे वर म्हटले. पण ते सर्वांसाठी एकदम उघडले नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, १८९२ साली ऑक्सफर्ड येथे बी. सी. एल्.ची परीक्षा दिली, १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. मिळविली. परीक्षेने त्यांना नापास केले नाही. नापास केले ते सनदेने. स्त्रीस वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार कायद्याने मिळाला तो १९२३ साली. म्हणजे पदवी आणि सनद यांच्यामध्ये सव्वीस वर्षांचे अंतर पडले. जी शाळा सनदेसाठीच आहे असे सर्वजण मानीत होते, तिने एका स्त्रीला विद्या दिली आणि धंदा दिला नाही, ही ह्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट होय.

पदवीच्या वरची पायरी एल्एल्. एम्.ची. तिचा मान पांडुरंग वामन काणे यांनी वाढविला. १९१२ साली ते हिंदु व मुसलमानी कायदा घेऊन एल्एल्. एम्. झाले, हायकोर्टात वकिली केली आणि काही वर्षे ह्याच लॉ कॉलेजात अध्यापनही केले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत बाहेर पडत होता. शास्त्र्याच्या विद्येचा पदवीधराने घेतलेला एवढा मोठा हिशेब दुसरा नाही. पुण्यास १९२३ साली इंडियन लॉ सोसायटी स्थापन होऊन १९२४ साली लॉ कॉलेज निघाले. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हेही हिंदु कायद्याच्या मूळ ग्रंथांचे संपादक व भाषांतरकार होते. ह्या कॉलेजातून पुढे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णु चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश भारतास मिळाले.

आणि १९३५ च्या जूनमध्ये ती घटना घडली जिच्यात ह्या संस्थेच्या इतिहासाचा अर्थ एकवटला आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या लॉ कॉलेजाचे प्राचार्य आणि पेरी प्राध्यापक झाले. १९२८ साली त्यांनी तेथे अध्यापन केलेच होते. ज्या समाजास शास्त्र्याच्या ओसरीवर उभे राहण्याची मुभा नव्हती, त्या समाजातील विद्वान कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर बसला. त्याच वर्षी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अध्यासनावरील मनुष्याच्या अंतःकरणात काय चालले असेल ह्याची कल्पना येते. १९३६ च्या जानेवारीत कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. १९३८ साली ते पद सोडून गेले. पुढे त्यांनी संविधानाच्या मसुद्याचे काम केले हे सर्वश्रुत आहे; पण हिंदु कोड बिलासाठी त्यांनी जी झुंज दिली ती ह्या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. दत्तक, वाटणी, स्त्रीधन: १८२७ साली शास्त्र्याकडे लिहून पाठवीत ते हेच प्रश्न होते. त्यांचे उत्तर आता पोथीतील वचनाने नव्हे, तर समतेच्या तत्त्वाने द्यावे, असे म्हणणारा मंत्री पेरी अध्यासनावरून आलेला होता. १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला. पण १९५५ आणि १९५६ साली ते बिल तुकड्यातुकड्यांनी कायद्यात उतरले.

आता हल्लीच्या स्थितीकडे वळू. पूर्वी पदवीनंतर दोन वर्षांत पुरा होणारा अभ्यासक्रम पुढे तीन वर्षांचा झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पहिला वर्ग १९८८ साली सुरू झाला आणि बारावीनंतर पाच वर्षे सलग कायदा शिकण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईच्या जुन्या कॉलेजातही आता तीन वर्षांचा व पाच वर्षांचा असे दोन्ही मार्ग आहेत. पाच वर्षांच्या मार्गात आरंभी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास इत्यादि विषय येतात. त्यापुढे एल्एल्. एम्. आणि पीएच्. डी. आहेतच. शिवाय २०११ पासून पदवी मिळाल्यावरही वकिलीसाठी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. दीडशे वर्षे पदवी हीच सनदेची किल्ली होती. आता किल्ली निराळी झाली. कित्येकांस हे नवे ओझे वाटते. आम्हांस मात्र ह्यात एक संधी दिसते. धंद्याची परीक्षा जर दुसरा कोणी घेणार असेल, तर विद्यापीठाने विद्या शिकविण्यास मोकळे व्हावे.

कॉलेजात वर्षानुवर्षे शिकविताना एक वाक्य कानी पडते: “बी. ए. झाल्यावर एल्एल्. बी. करून ठेवतो, हाताशी असलेली बरी.” ह्या ‘हाताशी’ शब्दात व्यवहार आहे, आणि व्यवहाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु पदवी हाताशी राहिली आणि डोक्यात शिरली नाही, तर तिचा पक्षकारालाही उपयोग होत नाही आणि देशालाही होत नाही. कायद्याची शाळा उघडी असावी, गरिबाला परवडणारी असावी; सायंकाळी भरली तरी चालेल. पण तिथे हा कायदा असा का, तो कोणी, कोणाच्या हितासाठी केला, आणि ज्यांच्यावर तो चालतो त्यांस तो न्याय्य वाटतो काय, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. शास्त्र्याची खोली आणि पदवीधराचे उघडे दार ह्या दोहोंचा मिलाफ रानडे, काणे, आंबेडकर यांच्या ठिकाणी झाला तो अपवाद म्हणून. शाळेने तो नियम करावयास हवा.

आणि नाना शंकरशेटांचा प्रश्नही अजून उभाच आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे १९९८ साली सरकारने जाहीर केले. हायकोर्टाची भाषा मात्र संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी आहे. तेव्हा इंग्रजी ग्रंथांवर घडलेल्या तरुणाने तालुक्याच्या कोर्टात शेतकऱ्याची उलटतपासणी मराठीत घ्यावयाची आणि तिच्यावरील अपील इंग्रजीत लढवावयाचे, अशी ही कसरत आहे. एके काळी अदालतीतला पक्षकार शास्त्र्याच्या संस्कृत वचनापुढे मान डोलावी. आज तो इंग्रजी निकालाच्या नकलेपुढे डोलावतो. कायदा त्याच्या हिताचा झाला असेल, पण त्याच्या समजुतीचा झालेला नाही. ज्या दिवशी कायदा शिकलेला मनुष्य तो निकाल त्या शेतकऱ्यास त्याच्या भाषेत, त्याच्या कारणांसह समजावून देऊ शकेल, त्या दिवशी १८५५ च्या त्या अध्यासनाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.